नाशिक जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करताना: कामाच्या ठिकाणी छळ आणि दुजाभाव सोसणाऱ्या महिलांसाठी

अंबड औद्योगिक वसाहतीतल्या आठ माणसांच्या एका लहान कारखान्यात मी चार वर्षे माल तपासणीचे काम केले. तिथे जे घडले त्याबद्दल मी रीतसर तक्रार केली, चौकशी झाली आणि प्रकरण संपले. त्यात कोण होते, कोणी काय सांगितले आणि समितीने कोणती शिफारस केली हे मी इथे लिहिणार नाही, कारण कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याच्या कलम १६ नुसार तक्रारीचा आणि चौकशीचा मजकूर उघड करण्यास मनाई आहे. पुढे उदाहरणादाखल जी वाक्ये दिली आहेत ती रचलेली आहेत. माझ्या तक्रारीतली नाहीत. सांगायची आहे ती फक्त वाट. मला ती कोणी सांगितली नव्हती, त्यामुळे माझे पहिले पाच आठवडे भलत्याच कार्यालयांच्या बाकांवर बसण्यात गेले, आणि ज्या कायद्यात तक्रारीला तीनच महिन्यांची मुदत आहे तिथे पाच आठवडे असे घालवणे परवडत नाही.

आणखी एक गोष्ट आधीच सांगते. अंगाला हात लावला तरच तो छळ, असे आपल्याकडे पुष्कळ जणी धरून चालतात. कायद्यात नकोसा स्पर्श आहेच. पण लैंगिक स्वरूपाची मागणी, तशी शेरेबाजी, अश्लील चित्रे किंवा चित्रफिती दाखवणे, आणि शब्दांनी, खुणांनी वा अन्य प्रकारे केलेले तसेच कोणतेही नकोसे वर्तनही आहे. शिवाय अशा वर्तनाच्या जोडीने कामात झुकते माप देण्याचे आमिष, कामात नुकसान करण्याची धमकी, नोकरी जाईल असा धाक, काम करणे अशक्य होईल असे वातावरण आणि अपमानास्पद वागणूक हेही कलम ३ मध्ये मोडते. प्रत्यक्षात बहुतेक जणींच्या वाट्याला हेच येते. नकार दिला की पहिली पाळी जाऊन दुसरी येते, ओव्हरटाइमच्या यादीतून नाव गळते, सगळ्यांना मिळालेली पगारवाढ एकीलाच मिळत नाही. वरवर हा नुसता दुजाभाव दिसतो, पण त्याचे मूळ त्या नकारात असते आणि तक्रारीत हा संबंध तुम्हालाच दाखवून द्यावा लागतो.

१. आपले दार कोणते ते ठरवा

हा कायदा म्हणजे कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ (प्रतिबंध, मनाई आणि निवारण) अधिनियम, २०१३. बोलताना लोक त्याला पॉश कायदा म्हणतात. तो ९ डिसेंबर २०१३ पासून लागू आहे आणि त्यात तक्रारीची दोन दारे आहेत. ज्या ठिकाणी दहा किंवा त्याहून अधिक कर्मचारी आहेत तिथे मालकाने अंतर्गत समिती नेमलीच पाहिजे, आणि शाखा वेगवेगळ्या ठिकाणी असतील तर प्रत्येक ठिकाणी वेगळी समिती असली पाहिजे. कर्मचारी दहापेक्षा कमी असल्यामुळे जिथे अशी समिती नाही, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच आहे, तिथे जिल्ह्याची स्थानिक समिती तक्रार ऐकते. घरकामगार महिलांनाही स्थानिक समितीचेच दार आहे.

दहाची मोजणी करताना मालकाच्या शब्दावर जाऊ नका. कायम कामगारांबरोबर रोजंदारीवरचे, कंत्राटदाराने पुरवलेले, शिकाऊ आणि तात्पुरते असे सगळेच कायद्याने कर्मचारी आहेत. मस्टरवर सात नावे आणि कंत्राटदाराची पाच मुले, असा प्रकार अंबड-सातपूरला नवा नाही. दहा किंवा अधिक माणसे असूनही समितीच नेमलेली नसेल तर तो मालकाचा अपराध आहे, त्याला ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि ही बाब जिल्हा अधिकाऱ्यांना, म्हणजे या कायद्याखाली जिल्ह्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्यांना, लेखी कळवता येते.

कामाचे ठिकाण या शब्दाचा अर्थही बराच रुंद आहे. निफाड-दिंडोरीकडचे द्राक्षांचे पॅकहाऊस, लासलगावची कांद्याची खळी, डॉक्टरांचा दवाखाना, ज्या घरात तुम्ही धुणीभांडी करता ते घर, कामानिमित्त जिथे जावे लागले ते ठिकाण आणि मालकाने दिलेली ने-आण करणारी गाडी, हे सगळे त्यात येते. सिन्नरच्या कारखान्याच्या बसमध्ये घडलेली गोष्ट ‘कारखान्याबाहेरची’ ठरत नाही.

स्थानिक समिती हे कायमचे न्यायालय नसते. समाजकार्यातील एक अनुभवी महिला तिच्या अध्यक्ष असतात. सदस्यांमध्ये स्थानिक नोकरदार महिला, स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधी आणि समाजकल्याण किंवा महिला व बाल विकासाचे काम पाहणारे अधिकारी पदसिद्ध सदस्य म्हणून असतात. तक्रार समितीच्या अध्यक्षांच्या नावे लिहायची आणि जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात द्यायची.

इथेच पहिला खड्डा आहे. जिल्हा परिषदेचाही महिला व बाल विकास विभाग असतो, पण तो अंगणवाड्या आणि पोषण आहाराचे काम पाहतो आणि तुमच्या तक्रारीशी त्याचा संबंध नाही. दोन्ही नावे कानाला सारखीच लागतात, म्हणून रिक्षावाल्याला किंवा फाटकावरच्या शिपायाला नुसते ‘महिला बालविकास’ असे सांगू नका. गोंधळ झालाच तर सीबीएसजवळच्या (म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या) जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन ‘पॉश कायद्याखालची स्थानिक समिती’ असे स्पष्ट शब्दांत विचारा.

सुरगाणा, पेठ किंवा कळवणहून नाशिकला येणे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडवणे. त्यासाठी कायद्याने तालुक्याला एक समन्वय अधिकारी नेमायला सांगितले आहे. शहरी भागात प्रभाग किंवा नगरपालिकेच्या पातळीवर तशीच नेमणूक व्हायची असते. या अधिकाऱ्याने तक्रार घेऊन सात दिवसांत स्थानिक समितीकडे पाठवायची आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये जिल्हा अधिकारी, स्थानिक समित्या आणि समन्वय अधिकारी यांच्या नेमणुका मुदतीत करण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले आहेत, तेव्हा तहसील कार्यालयात या अधिकाऱ्याचे नाव विचारण्यात संकोच नको.

ज्या दुजाभावाचा लैंगिक छळाशी संबंध नाही, उदाहरणार्थ त्याच कामाला पुरुषापेक्षा कमी मजुरी किंवा नाकारलेली प्रसूती रजा, त्याची तक्रार कामगार उपायुक्तांच्या कार्यालयात करायची असते. तिथली कलमेही आता बदलली आहेत, कारण जुने कामगार कायदे मोडीत काढून केलेल्या चार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. जुन्या कायद्याचा तयार नमुना कोणी हातात दिला तर तो तपासून घ्या. मारहाण, पाठलाग, बळजबरी असे काही घडले असेल तर समितीची वाट न पाहता ११२ क्रमांकावर पोलिसांना कळवा. पोलिसांतली फिर्याद आणि समितीकडची तक्रार एकाच वेळी चालू शकते, आणि तुम्हाला फिर्याद द्यायची असेल तर त्यासाठी मदत करणे हे मालकाचे कर्तव्य आहे.

२. मुदत आजच मोजा

घटनेच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार दाखल झाली पाहिजे. घटना अनेक असतील तर शेवटच्या घटनेपासून तीन महिने धरायचे. उशिराचे कारण समितीला पटले तर ती कारणे नोंदवून आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते, पण त्यापुढे नाही. ही वाढ हक्काची नाही. आजारपण, धमकी किंवा घरातला मृत्यू असे जे खरे कारण असेल ते कागदानिशी तक्रारीतच लिहावे लागते.

यातली खोच अशी, की ‘शेवटची घटना’ कोणती हे ठरवताना पुष्कळ जणी चुकतात. समजा, शेवटचा नकोसा प्रकार १० जूनला घडला आणि ऑक्टोबरात तुमची पगारवाढ रोखली गेली. अशा वेळी मुदत ऑक्टोबरपासून मोजू, असे मनात येते. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये एका विद्यापीठातील अध्यापिकेच्या प्रकरणात नेमका हाच युक्तिवाद नाकारला. नंतरची प्रशासकीय कारवाई हा आधीच्या छळाचाच पुढचा भाग आहे असे न मानता तक्रार मुदतीबाहेरची ठरवली. म्हणून मुदत छळाच्या शेवटच्या प्रकारापासून, म्हणजे १० जूनपासून मोजा आणि १० सप्टेंबरच्या आधी तक्रार द्या. नोकरीत पुढे झालेले नुकसान तक्रारीत जरूर मांडा, पण मुदतीचा आधार म्हणून त्यावर विसंबू नका.

‘आधी मोठ्या साहेबांशी बोलून बघू’, ‘दिवाळीचा बोनस हातात पडू दे’, ‘दादाला विचारते’ असे करताकरता महिने निघून जातात. बोलणी करायची असतील तर करा, पण ती चालू आहेत म्हणून मुदत कोणासाठी थांबत नाही.

३. तारखा जुळवा आणि पुरावे जपा

मी तक्रार लिहायला बसले तेव्हा मला एकही तारीख धड आठवत नव्हती. ‘उन्हाळ्यात’, ‘गणपतीच्या आधी’ एवढेच सांगता येत होते. शेवटी स्वयंपाकघरातल्या भिंतीवरची दिनदर्शिका खाली काढली. तिच्यावर दुधाचा हिशेब होता, गॅसची टाकी लावल्याची तारीख होती, मुलाच्या लसीचा दिवस होता, आणि एका चौकोनात ‘उशीर, दूध नाही’ असे पेन्सिलीने लिहिलेले होते. त्या दिवशी मला रात्री साडेआठपर्यंत थांबवून ठेवले होते, हे त्या चार अक्षरांवरून आठवले. मग बँकेचे पासबुक, बसचा पास आणि मोबाइलमधल्या फोनच्या नोंदी शेजारी मांडून एकेक तारीख पक्की केली. या कामाला मला दोन रविवार लागले. तुमच्याकडेही अशी एखादी दिनदर्शिका, किराण्याची वही किंवा मुलांची शाळेची डायरी असेलच.

आज अजून काही घडत असेल तर आजपासून वही ठेवा. पाने सुटी न होणारी शिवलेली वही घ्या आणि त्याच दिवशी लिहा: तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द, जवळ कोण होते, तुम्ही काय उत्तर दिले. ती वही कारखान्यातल्या कपाटात ठेवू नका.

मोबाइलवरचे संदेश कितीही किळसवाणे असले तरी पुसू नका. व्हॉट्सअ‍ॅपच्या संदेशाचा स्क्रीनशॉट काढताना समोरच्याचा नंबर, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. नुसते सेव्ह केलेले नाव दिसले तर तो नंबर कोणाचा, हा वाद उभा राहतो. एकच वाक्य कापून न घेता आधीचे आणि नंतरचे संदेशही छापा, कारण मागचा-पुढचा मजकूर नसेल तर समोरचा माणूस ‘ही थट्टा होती’ असे सहज म्हणू शकतो. मूळ फोन विकू नका आणि बदलू नका.

दुजाभाव दाखवण्यासाठी कोरडे कागदच उपयोगी पडतात. नकाराच्या आधीचे सहा महिने आणि नंतरचे सहा महिने अशा पगारपावत्या शेजारी ठेवल्या की ओव्हरटाइम कधी बंद झाला ते कोणालाही दिसते. पावती मिळत नसेल तर पासबुकातल्या जमा रकमा चालतात. पाळ्यांचा तक्ता फळ्यावर लागत असेल तर त्याचा फोटो, आणि कामाबद्दल कधी शाबासकीचा संदेश आला असेल तर तोही ठेवा. ‘तिचे कामच खराब होते’ या ठरलेल्या उत्तराला तो उपयोगी पडतो. मात्र कारखान्याच्या फायली किंवा संगणकातली माहिती चोरून आणू नका. समितीला कागद मागवण्याचे आणि माणसांना बोलावण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत, त्यामुळे मालकाकडचे कोणते कागद मागवावेत एवढे तक्रारीत लिहिले तरी पुरते.

साक्षीदाराचे नाव देण्याआधी तिच्याशी बोला. तिला नोकरी टिकवायची असते, घर चालवायचे असते, आणि न विचारता नाव दिले तर ती ऐन वेळी ‘मला काही माहीत नाही’ म्हणते. साक्षीदारच नाही म्हणून तक्रार करणे सोडू नका, कारण असे प्रकार बहुधा कोणी नसतानाच घडतात.

४. तक्रार लिहा

तक्रार मराठीत, स्वतःच्या अक्षरात लिहिली तरी चालते. कायद्यात किंवा नियमांत तिच्यासाठी शुल्क सांगितलेले नाही, आणि स्टॅम्प पेपरचीही गरज नाही. न्यायालयाच्या आसपास टेबल मांडून बसलेले लोक ‘प्रतिज्ञापत्राशिवाय घेतच नाहीत’ असे ठणकावून सांगतील; साधा कागद पुरतो.

सुरुवातीला तुमचे नाव, पत्ता, हुद्दा आणि नोकरीला लागल्याची तारीख द्या. नंतर ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचे नाव, हुद्दा, पत्ता, आणि तुमच्या कामावर त्याचा अधिकार कसा चालतो ते लिहा. त्यानंतर घटना तारखेच्या क्रमाने, प्रत्येक घटनेला वेगळा परिच्छेद द्या. पहिल्या मसुद्यात बहुतेक जणी असे लिहितात: ‘सुपरवायझर मला नेहमी घाणेरडे बोलतात आणि त्रास देतात.’ या वाक्यावर समिती चौकशी करणार तरी कशाची? तेच असे लिहून पाहा: ‘दि. १२ फेब्रुवारी रोजी सायंकाळी साधारण सव्वासहा वाजता मी पॅकिंगच्या खोलीत खोकी मोजत असताना ते आत आले, त्यांनी दार लोटून घेतले आणि “थांबलीस तर ओव्हरटाइम माझ्या हातात आहे” असे म्हणून माझा दंड धरला. मी हात सोडवून बाहेर आले. १४ फेब्रुवारीपासून माझे नाव ओव्हरटाइमच्या यादीत नाही.’ यातल्या शेवटच्या वाक्यामुळे छळ आणि दुजाभाव एकमेकांना जोडले जातात. त्याने उच्चारलेले शब्द लाजेखातर ‘अपशब्द’ म्हणून झाकू नका, जसेच्या तसे लिहा. हे मला सगळ्यात जड गेले होते. शेवटी वहिनीने शेजारी बसून ते शब्द लिहून घेतले.

वेळ नक्की आठवत नसेल तर ‘साधारण’ लिहा. न आठवणारी गोष्ट ठामपणे लिहिली आणि ती चुकीची निघाली, तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही संशय येतो. मालकाबद्दलच्या इतर सगळ्या तक्रारी, म्हणजे पंखा नाही, चहा मिळत नाही, पगार उशिरा होतो, या इथे घुसडू नका.

शेवटी काय हवे ते स्पष्ट मागा. समिती संबंधितावर कारवाईची शिफारस करू शकते आणि तुम्हाला भरपाई देण्याचीही. भरपाई ठरवताना मानसिक त्रास, नोकरीत हुकलेली संधी, औषधोपचाराचा खर्च आणि समोरच्याची आर्थिक ऐपत पाहिली जाते. म्हणून बुडालेल्या ओव्हरटाइमचा महिनावार तक्ता आणि दवाखान्याच्या पावत्या तक्रारीला जोडा.

लिहिता येत नसेल तर तक्रार लिहून घेण्यासाठी मदत करणे हे समितीचे काम आहे. शारीरिक असमर्थतेमुळे जाणे शक्य नसेल तर नातेवाईक, मैत्रीण किंवा सहकारीसुद्धा तक्रार देऊ शकतात. मसुदा वकिलांना दाखवायचा असेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न घालता मोफत विधी साहाय्य मिळते, आणि १५१०० हा त्यांचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे.

‘सिद्ध झाले नाही तर तुझ्यावरच उलटेल’ अशी भीती घालणारे भेटतीलच. खोट्या तक्रारीवर कारवाईची तरतूद कलम १४ मध्ये आहे, पण त्याच कलमात असेही म्हटले आहे की केवळ पुरावा देता आला नाही म्हणून तक्रारदारावर कारवाई होत नाही. तिने जाणूनबुजून दुष्ट हेतूने तक्रार केली, हे आधी चौकशीत सिद्ध व्हावे लागते.

५. सहा संच करा आणि पोच घ्या

नियमाप्रमाणे तक्रारीच्या सहा प्रती द्याव्या लागतात, आणि प्रत्येक प्रतीला पुराव्याचे कागद आणि साक्षीदारांची नावे-पत्ते जोडावे लागतात. सातवा संच स्वतःसाठी करा. मी एकच प्रत घेऊन गेले होते आणि झेरॉक्ससाठी मला सीबीएसपर्यंत परत जावे लागले. प्रत्येक संचात हे असावे:

- सही आणि तारीख असलेली तक्रार, प्रत्येक पानावर पान क्रमांक आणि सही
- घटनांचा तारीखवार तक्ता
- संदेशांच्या छापील प्रती, फोटो, फोनच्या नोंदी
- पगारपावत्या किंवा पासबुकाची पाने, बुडालेल्या रकमेचा हिशेब
- नेमणूकपत्र किंवा ओळखपत्र. तेही नसेल तर त्या जागी काम करत होता हे दाखवणारे काहीही
- औषधोपचाराचे कागद, असतील तर
- साक्षीदारांची यादी, पत्त्यांसह
- उशीर झाला असेल तर मुदतवाढीचा विनंती अर्ज

सरकारी कार्यालयात टपाल जिथे स्वीकारतात त्या टेबलाला बारनिशी म्हणतात. तक्रार तिथेच द्या आणि तुमच्या स्थळप्रतीवर, म्हणजे तुमच्याकडे राहणाऱ्या प्रतीवर, आवक क्रमांक, तारीख, शिक्का आणि सही घेतल्याशिवाय हलू नका. ‘ठेवून जा, बघतो’ हे उत्तर मान्य करू नका, कारण मुदतीत तक्रार दिली याचा तुमच्याकडे एवढाच पुरावा असतो. जाणे जमत नसेल तर स्पीड पोस्टने पोचपावतीसह पाठवा. जुने नोंदणीकृत टपाल २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्येच विलीन झाले आहे.

केंद्र सरकारच्या शी-बॉक्स या संकेतस्थळावरूनही तक्रार करता येते. नवे संकेतस्थळ २९ ऑगस्ट २०२४ पासून सुरू आहे, खासगी नोकरीतल्या महिलांनाही ते खुले आहे आणि तक्रार कुठवर पोचली ते तिथे पाहता येते. सायबर कॅफेतून भरत असाल तर बाहेर पडण्याआधी खाते बंद करा आणि तिथल्या संगणकावर उतरलेले कागद पुसून टाका.

आणि कृपा करून तक्रारीची प्रत सोसायटीच्या किंवा महिला मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. गुप्ततेचा नियम तुम्हालाही तितकाच बांधतो.

६. चौकशी चालू असतानाचा दिलासा मागा

ही तरतूद फार जणींना माहीत नसते आणि समितीही ती आपण होऊन देईलच असे नाही. त्यासाठी लेखी विनंती लागते. चौकशी चालू असेपर्यंत तुमची किंवा समोरच्याची दुसऱ्या ठिकाणी बदली, तुम्हाला हक्काच्या रजेव्यतिरिक्त तीन महिन्यांपर्यंत रजा, आणि तुमच्या कामाचा अहवाल किंवा गोपनीय शेरा त्या माणसाने लिहू नये, यांची शिफारस समिती करू शकते. लहान कारखान्यात बदली करायला दुसरी जागाच नसते, म्हणून तिथे रजा आणि अहवाल लिहिण्यावरची मनाई यांवर भर द्या. विनंती अर्ज तक्रारीबरोबरच द्या.

७. तडजोडीचा विषय निघाला तर

चौकशी सुरू होण्याआधी तडजोड होऊ शकते, पण ती फक्त तुमच्या विनंतीवरून. पैसे घेऊन मिटवणे हा तिचा आधार असू शकत नाही. तडजोड झाली की पुढची चौकशी होत नाही. मात्र ठरलेली अट समोरच्याने मोडली तर तुम्ही ते कळवायचे आणि समितीने चौकशी सुरू करायची. दबावाखाली सही करू नका.

८. सुनावणीला जाताना

तक्रार मिळाल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत समिती तिची एक प्रत समोरच्याला पाठवते आणि त्याने दहा कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यायचे असते. चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हायला हवी. सुनावणीला अध्यक्षांसह किमान तीन सदस्य हजर असावे लागतात. तुमच्या बाजूने किंवा त्याच्या बाजूने वकील उभा राहू शकत नाही, त्यामुळे मांडणी तुम्हालाच करावी लागते.

त्याचे उत्तर वाचून राग येणारच. ते मुद्देवार वाचा आणि प्रत्येक मुद्द्यासमोर तुमचा कागद कोणता, ते समासात लिहून ठेवा. सुनावणीत प्रश्न विचारला तेवढ्याचेच उत्तर द्या, माहीत नसेल तर तसे सांगा. रडू आले तर पाणी मागा. तिथे त्याचे कोणाला नवल वाटत नाही. जबाबावर सही करण्याआधी तो शब्दन् शब्द वाचा. माझ्या जबाबात एके ठिकाणी महिना चुकीचा पडला होता, तो मी तिथल्या तिथे दुरुस्त करून घेतला. समोरासमोर बसणे शक्य नसेल तर तसे आधी लेखी कळवा आणि प्रश्न समितीमार्फत विचारले जावेत अशी विनंती करा.

तारीख चुकवू नका. पुरेशा कारणाशिवाय लागोपाठ तीन सुनावण्यांना गैरहजर राहिलात तर समिती १५ दिवसांची लेखी सूचना देऊन तक्रार बंद करू शकते. तोच नियम त्यालाही आहे. तो आलाच नाही तर एकतर्फी निर्णय होऊ शकतो.

९. अहवाल आल्यावर

चौकशी संपल्यापासून दहा दिवसांत स्थानिक समितीचा अहवाल जिल्हा अधिकाऱ्यांकडे जातो आणि दोन्ही बाजूंना मिळतो. त्यातल्या शिफारशींवर ६० दिवसांत कारवाई व्हायची असते. भरपाईची रक्कम त्याच्या पगारातून कापता येते, आणि ते जमले नाही तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. साठ दिवस उलटूनही काही हालले नसेल तर आवक क्रमांकाचा हवाला देऊन जिल्हा अधिकाऱ्यांना स्मरणपत्र द्या आणि त्याचीही पोच घ्या.

शिफारशी मान्य नसतील, किंवा त्यांची अंमलबजावणी झाली नाही, तर अपील करता येते. त्यासाठी शिफारशींपासून ९० दिवसांची मुदत आहे. अहवाल हातात पडला त्या दिवशीची तारीख लखोट्यावर लिहून ठेवा, लखोटा फेकू नका, आणि अपिलाचा मसुदा या वेळी वकिलांकडूनच करून घ्या. विधी सेवा प्राधिकरणाचे मोफत साहाय्य अपिलासाठीही मागता येते.